परदेशी साहाय्य आणि भिवंडीचे भातखाचर

आषाढात ठाण्याकडून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडी तालुक्यात येणाऱ्यास रस्त्याच्या दोन अंगांस दोन निरनिराळी दृश्ये दिसतात. एका अंगास कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गावांतून पसरलेली गोदामांची रांग. त्यांत देशोदेशींचा माल येतो व जातो. दुसऱ्या अंगास, गोदामांच्या भिंतींना लागूनच, उरलेल्या भातखाचरांत चिखलणी चाललेली असते आणि गुडघाभर चिखलात बायाबापड्या ओणव्याने रोप लावीत असतात. जगाच्या व्यापाराचा आणि गावच्या भाताचा शेजार इतका निकटचा क्वचितच कोठे आढळेल.

जगातील भूक कमी व्हावी म्हणून श्रीमंत राष्ट्रे व आंतरराष्ट्रीय संस्था दरवर्षी मोठा पैसा खर्च करतात, हे आपण वृत्तपत्रांतून वाचतो. त्या पैशाचा या खाचराशी काही संबंध आहे काय, असा प्रश्न शेतकऱ्याच्या मनात येणे साहजिक आहे. संबंध आहे, आणि तो गेल्या सत्तर वर्षांचा आहे. बाहेरून आलेले साहाय्य मुख्यतः तीन रूपांनी आले: धान्याच्या रूपाने, बियाण्याच्या व ज्ञानाच्या रूपाने, आणि कर्जाऊ भांडवलाच्या रूपाने. या तिन्हींची फळे निरनिराळी आहेत. ती पारखून घेतली, तर कोणत्या साहाय्यावर किती विसंबावे हे आपणांस कळेल.

आयात धान्याचा काळ

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत देशाची लोकसंख्या वाढत होती आणि धान्य त्या मानाने वाढत नव्हते. अमेरिकेत मात्र गव्हाचा साठा कोठारांत मावेनासा झाला होता. तेथे १९५४ मध्ये जो कायदा झाला, तो आपल्याकडे ‘पी. एल. ४८०’ या नावाने प्रसिद्ध पावला. त्या कायद्याखालील भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. त्यातील विशेष हा, की गव्हाची किंमत डॉलरात न देता रुपयांत देण्याची सोय होती. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशास ही मोठीच सवलत होती. पुढे ४ मे १९६० रोजी त्या वेळचे केंद्रीय अन्नमंत्री श्री. स. का. पाटील यांनी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यासमवेत चार वर्षांचा करार केला. त्यान्वये १ कोटी ६० लाख टन गहू व १० लाख टन तांदूळ मिळावयाचा होता.

मुंबई बंदरात उतरलेला हा गहू रेशनच्या दुकानांतून शहरांत व गिरणगावांत पोहोचला आणि त्याने लक्षावधी लोकांची उपासमार टाळली. ज्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला, तिला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारीही आठवत असेल. तिच्या चवीची थट्टा झाली, पण त्या वर्षी तिनेच अनेकांची चूल पेटती ठेवली. हे उपकार विसरणे योग्य होणार नाही.

तथापि या साहाय्याची दुसरी बाजूही होती. बाहेरचे स्वस्त धान्य बाजारात मुबलक मिळू लागले म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या धान्यास भाव राहत नाही, आणि भाव नसला म्हणजे तो खत-पाण्यावर खर्च करण्यास धजत नाही. त्याहून गंभीर गोष्ट १९६५ मध्ये प्रत्ययास आली. त्या वर्षी युद्ध झाले, पाऊस रुसला, आणि धान्याच्या जहाजांविषयी दीर्घ मुदतीचे करार करण्यास अमेरिकेने नकार दिला. धान्य थोडे थोडे, महिन्या-दोन महिन्यांपुरते मिळू लागले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशास आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, ते याच काळात. पुढील वर्षी, म्हणजे १९६६ मध्ये, देशास सुमारे १ कोटी टन धान्य आयात करावे लागले. ज्याची शिदोरी दुसऱ्याच्या हाती, त्याची वाटचालही दुसऱ्याच्या हाती, हा धडा देशाने तेव्हा घेतला.

या व्यवहारात अमेरिकेच्या नावावर भारतात रुपयांची प्रचंड रक्कम साठली होती. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेच्या राजदूताने १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या स्वाधीन करून त्यातील मोठा भाग सोडून दिला.

आयात गव्हाबरोबर गाजर गवताचे बी आले, असेही सर्वत्र म्हटले जाते. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आज आपल्या बांधांवर व पडीक जमिनीवर माजले आहे. ते कोणत्या मार्गाने आले याविषयी मतभेद असोत. फुलोऱ्यापूर्वी ते उपटून टाकावे, याविषयी मात्र मतभेद असू नये.

दान विकून उभे राहिलेले भांडवल

दान मिळालेल्या वस्तूचे काय करावे, याचे एक उत्तम उदाहरण दुधाच्या व्यवसायात सापडते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात दुधाची भुकटी व लोणी यांचे ढीग साठले होते. हा माल फुकट वाटला असता, तर आपल्या गोठ्यांतील दुधाचे भाव कोसळले असते. तसे न करता, १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ योजनेत १ लाख २६ हजार टन भुकटी व ४२ हजार टन लोणी-तेल जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत घेण्यात आले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील दूध योजनांस ते योग्य किमतीने विकण्यात आले, आणि आलेला पैसा सहकारी दूध संघ, शीतकरण केंद्रे व वाहतूक यांत गुंतविण्यात आला. दान संपले, पण त्यातून उभी राहिलेली संघटना टिकली.

आपला गवत-पेंढा मुंबईच्या गोठ्यांस पुरविणाऱ्या ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यास यातील मर्म सहज कळेल. मिळालेले धान्य खाऊन संपते. त्याचे भांडवल केले तर ते पुढच्या वर्षीही उपयोगी पडते.

बियाण्याच्या रूपाने आलेले साहाय्य

आता भाताकडे वळू. स्वातंत्र्योत्तर काळात या जिल्ह्यात भातसुधारणेचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो ‘जपानी पद्धती’चा. बोरिवलीच्या कोरा केंद्रात तिचे प्रयोग झाले, आणि त्या वेळचे केंद्रीय कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९५३ च्या सुमारास ती मोहीम देशभर नेली. मिठाच्या पाण्यात बी निवडणे, गादीवाफ्यावर विरळ पेरणे, ओळीत लावणी, कोळपणी आणि भरपूर खत, ही तिची अंगे होती. पद्धत उत्तम, परंतु एक अडचण निघाली. आपल्या उंच वाढणाऱ्या जुन्या जाती जास्त खत मानवत नसल्याने लोळत. खत दिले की पीक आडवे, न दिले की उतारा बेताचा, अशी कोंडी झाली.

ती कोंडी फुटली आंतरराष्ट्रीय संशोधनामुळे. फिलिपीन्समध्ये लॉस बॅनोस येथे १९६० मध्ये फोर्ड व रॉकफेलर या दोन प्रतिष्ठानांच्या पैशाने आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. तैवानमधील एका बुटक्या जातीचा गुण घेऊन तिने १९६६ मध्ये ‘आय. आर. ८’ ही जात दिली. त्यापूर्वी तैवानचीच ‘तायचुंग नेटिव्ह-१’ ही बुटकी जात भारतात आली होती. तिचा दांडा आखूड व ताठ असल्याने ती खत दिले तरी लोळत नसे. परंतु करप्यासारख्या रोगांस ती लवकर बळी पडे, आणि तिचा दाणा आपल्या पसंतीस उतरला नाही. म्हणजे आलेले बी जसेच्या तसे उपयोगाचे नव्हते. ते आपल्या जातींशी संकरून, आपल्या पावसात पारखून घ्यावे लागले.

हे काम आपल्याच शास्त्रज्ञांनी केले. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासून कोकणच्या भातावर काम करीत होते. तेथे तायचुंग नेटिव्ह-१ व स्थानिक कोळंबा-५४० यांच्या संकरातून ‘कर्जत-१८४’ ही लवकर येणारी, बारीक दाण्याची जात निघाली. आय. आर. ८ व टी. के. एम. ६ यांच्या संकरातून १९७० मध्ये ‘रत्ना’ ही जात आली. तायचुंग नेटिव्ह-१ पासूनच १९६८ मध्ये ‘जया’ तयार झाली. खाडीकाठच्या खारवट जमिनींसाठी पनवेलच्या केंद्राने वेगळ्या जाती दिल्या. १९७२ मध्ये दापोलीस कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर हे काम अधिक जोमाने पुढे गेले.

धान्याची मदत आणि बियाण्याची मदत यांतील भेद येथे स्पष्ट होतो. जहाजातून आलेला गहू एकदाच खाल्ला गेला; बियाण्यातील आखूड दांड्याचा गुण आजही दर पावसाळ्यात आपल्या खाचरात उगवतो, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज लागत नाही. अर्थात जुन्या जाती टाकून द्याव्यात असे नाही. शेजारच्या ‘वाडा कोलम’ला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्याच्या दाण्यास बाजार आहे त्याने तो जतन करावा.

चार चुडांमध्ये एक गोळी

परदेशी ज्ञानाचे दुसरे फळ खताच्या बाबतीत मिळाले आहे. आपल्याकडे युरिया फेकून देण्याचा प्रघात आहे. साचलेल्या पाण्यावर युरिया फेकला, की त्यातील नत्राचा बराच भाग वायुरूपाने उडून जातो. जोराचा पाऊस आला की उरलेला बांधावरून वाहून जातो. सुमारे अडीच हजार मिलिमीटर पावसाच्या आपल्या भागात ही हानी विशेष होते. शेतकरी पैसे मोजून खत घेतो, आणि त्यातील निम्म्याहून अधिक पिकास मिळतच नाही.

यावर उपाय म्हणून खताची गोळी करून ती चिखलात खोल पुरण्याच्या पद्धतीचा अभ्यास आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात झाला. अमेरिकेत अलाबामा राज्यात १९७४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मुख्यतः विकसनशील देशांसाठी काम करते. या अभ्यासात डॉ. एन. के. सावंत या मराठी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. पुढे त्यांनीच कोकणातील लहान शेतकऱ्यासाठी ‘चारसूत्री’ भातशेतीची मांडणी केली. तिची चार सूत्रे अशी:

पहिले सूत्र, भाताच्या अवशेषांचा फेरवापर. भातगिरणीतील तुसाची काळी राख रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळावी. रोपे ताठ होतात व उपटताना मुळे तुटत नाहीत. राब भाजण्यासाठी झाडांच्या फांद्या तोडण्याची गरजही कमी होते.

दुसरे सूत्र, गिरिपुष्पाचा हिरवा पाला. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला हेक्टरी सुमारे ३ टन या प्रमाणात चिखलणीपूर्वी पसरावा.

तिसरे सूत्र, नियंत्रित लावणी. खुणा केलेली दोरी धरून १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरावर, एका चुडात दोन-तीन रोपे लावावीत.

चौथे सूत्र, युरिया-डीएपीची गोळी. लावणीच्या दिवशीच १५ सेंटिमीटरच्या प्रत्येक चौकोनात, म्हणजे चार चुडांच्या मध्ये, २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावी. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो खत लागते. एका गुंठ्यास हाच हिशेब सुमारे ६३० गोळ्या व १ किलो ७०० ग्रॅम इतका येतो.

चिखलाच्या खोल थरात हवा नसल्याने नत्र मातीच्या कणांस धरून राहते व पीक ते हळूहळू घेते. पुन्हा वरखत देण्याची आवश्यकता राहत नाही. याबरोबर दोन मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ज्या जमिनीत पाणी झपाट्याने झिरपते, तेथे गोळीचा लाभ कमी होतो. शिवाय गोळ्या खोचण्यास मजुरी लागते, आणि हे ओणव्याचे काम बहुधा स्त्रियांवर पडते. म्हणून प्रथम पाच गुंठ्यांवर करून पाहावे, शेजारी पाच गुंठे नेहमीप्रमाणे ठेवावेत, आणि झोडणीच्या वेळी दोन्हींचे भात वेगळे मोजून मगच निर्णय करावा. आपल्या वजनकाट्याइतका चांगला सल्लागार दुसरा नाही.

कर्जाऊ भांडवल आणि बचत गट

तिसरे साहाय्य पैशाचे. रोम येथे नोव्हेंबर १९७४ मध्ये भरलेल्या जागतिक अन्न परिषदेत असे दिसून आले, की उपासमारीचे मूळ केवळ धान्याच्या टंचाईत नसून गरिबाच्या हाती साधन नसण्यात आहे. त्यातून १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी स्थापन झाला. भारत त्याचा संस्थापक सदस्य आहे. तो निधीतून कर्ज घेतो व निधीस वर्गणीही देतो. या निधीच्या साहाय्याने महिला आर्थिक विकास महामंडळाने २००७ पासून ‘तेजस्विनी’ कार्यक्रम राज्याच्या ग्रामीण जिल्ह्यांत राबविला. गावोगावचे बचत गट आणि त्यांना आधार देणारी लोकसंचालित साधन केंद्रे त्यातून उभी राहिली. पुढे ‘नव तेजस्विनी’ हा त्याचा उत्तरार्ध हाती घेण्यात आला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही रक्कम देणगी नव्हे; राज्याने ती फेडावयाची आहे. म्हणून गटाच्या कर्जातून घेतलेली शेळी किंवा मळणीयंत्र याचा हिशेब ठेवणे, हे केवळ गटाचे नव्हे तर सर्वांचे कर्तव्य ठरते.

भूक कोठे उरली आहे?

आज देशात धान्याची टंचाई नाही. जगात सर्वाधिक तांदूळ निर्यात करणारा देश म्हणून भारताची गणना होते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबांस दरमहा माणशी ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. तरीही भिवंडी तालुक्यातील कातकरी व वारली वस्त्यांवर आषाढ-श्रावण हे महिने कठीण जातात. वीटभट्ट्या पावसाळ्यात बंद असतात. लावणी आटोपल्यावर मजुरी मिळत नाही. नवे भात येण्यास अवकाश असतो. अशा वेळी घेतलेली उचल पुढे दिवाळीनंतर भट्टीवर राबून फेडावी लागते. आईबापांबरोबर मुलेही भट्टीवर जातात आणि त्यांची शाळा सुटते. याच अडचणीच्या महिन्यांसाठी आदिवासी विकास महामंडळाची खावटी योजना १९७८ मध्ये निघाली होती.

ज्या खाचरात आपण लावणी करतो, तेथे ओणवून काम करणारे हात पुष्कळदा याच वस्त्यांतून येतात. त्यांच्या घरी श्रावणात चूल पेटते की नाही, हा प्रश्न आपल्याच शिवारातला आहे. शिधापत्रिका नसलेले कुटुंब गावात असेल, तर ते शोधून तलाठी व पुरवठा कार्यालयापर्यंत नेणे, परसात शेवगा, पपई व वेलभाज्या लावण्यास बी देणे, भात निघाल्यावर वरी-नाचणीसह धान्याची सामाईक कणगी भरून ती श्रावणात उसनवारीने उघडणे, ही कामे ग्रामसभेने व बचत गटांनी हाती घेण्यासारखी आहेत. उसने घेतलेले पायलीभर भात पायलीनेच फिरावे. त्यावर वाढी आकारू नये.

बदलते वारे

संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख माणसे भुकेली होती. त्याच २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी साहाय्याची संस्था बंद केली, आणि जागतिक अन्न कार्यक्रमासह अनेक संस्थांच्या निधीस मोठी कात्री लागली. युद्ध व दुष्काळ यांनी गांजलेल्या देशांतील शिध्यावर त्याचा परिणाम झाला. १९६५ मध्ये आपण जे अनुभवले, ते आज इतरांच्या वाट्यास येत आहे.

भारताची जागा मात्र आता पालटली आहे. अफगाणिस्तानातील जनतेसाठी ५० हजार टन गहू देण्याचे भारताने जाहीर केले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचा पहिला ताफा अटारीच्या सीमेवरून निघाला. एकेकाळी मुंबई बंदरात परक्या गव्हाची वाट पाहणारा देश आज जागतिक अन्न कार्यक्रमाच्या हाती आपला गहू सोपवितो, यामागे असंख्य लहान शेतकऱ्यांचे श्रम आहेत.

हे स्थान टिकावयाचे तर खाचरे टिकली पाहिजेत. भिवंडीतील पुष्कळ भातजमीन गोदामांखाली गेली आहे, आणि आलेला पैसा घर-लग्नकार्यात खर्चून गेल्यावर बाजारचा तांदूळ विकत घेणारी शेतकरी कुटुंबेही आहेत. जमीन विकणे वा न विकणे हा ज्याचा त्याचा अधिकार होय. परंतु निदान घरच्या वर्षाच्या भातापुरती खाचरे राखून ठेवावीत, आणि राखलेल्या खाचरांतून पूर्वीपेक्षा अधिक पिकवावे, एवढे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

त्याचा आरंभ पेरणीपूर्वीच करता येतो. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावे, ढवळावे आणि पाणी स्थिर होऊ द्यावे. वर तरंगणारे पोचट बी काढून टाकावे. तळाशी राहिलेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे. जपानी पद्धतीने सत्तर वर्षांपूर्वी शिकविलेली ही युक्ती आजही तितकीच उपयुक्त आहे, आणि तिला मूठभर मिठाखेरीज कोणाचेही साहाय्य लागत नाही. जातीची निवड व गोळ्यांचा पुरवठा यांविषयी आपल्या गावच्या कृषी सहायकाकडे रोहिणी नक्षत्रापूर्वीच चौकशी करावी.